पीटीच्या तासाला लपणारा मी आणि औंधचा राजा

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तर सुरुवात एखाद्या लढाईनं किंवा राजानं व्हायला पाहिजे. राजा येणार आहे, थोडं थांबा. आधी माझा एक रिपोर्ट.

दरवर्षी कंपनी फुकटात तपासणी करून देते. मी दरवर्षी टाळायचो. मागच्या वर्षी एचआरच्या तीन मेल आल्या म्हणून गेलो. वजन ९४ किलो, आणि एचबीएवनसी ६.२. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी: मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर साधारण किती राहिली ते यातून कळतं. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि वर म्हणजे शुगर. मी मधल्या पट्ट्यात, आणि तेही वरच्या टोकाला. वय २८. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, ४६ व्या वर्षी शुगर निघाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली, साधी जखम, ती भरायला चार महिने लागले. रोज ड्रेसिंग मीच करायचो. त्यामुळं ६.२ म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला तो अंगठा दिसत होता.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा. आणि इथंच खरी अडचण होती, कारण मला व्यायाम आवडत नाही. कंटाळा येतो, वेळ मिळत नाही, असलं काही नाही. आवडत नाही. लहानपणापासून नाही.

मी हसनाबादचा. भोकरदन तालुका, जालना जिल्हा. पुण्यात नोकरी लागली, मग वर्क फ्रॉम होम आलं, आणि आता महिन्यातले वीस दिवस मी गावातच असतो. तर शाळेत आमच्याकडं व्यायाम म्हणजे शिक्षा होती. प्रार्थनेला उशीर झाला, वीस उठाबशा. गृहपाठ नाही, मैदानाला दोन चकरा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळ्यांसमोर सूर्यनमस्कार. सातवीत असताना एकदा वाकलो आणि चड्डी मागून उसवली. अख्खी शाळा हसली, सरसुद्धा हसले. त्यानंतर दहावीपर्यंत पीटीच्या तासाला मी एकतर आजारी असायचो, नाहीतर प्रयोगशाळेत विज्ञानाच्या मॅडमना मदत करत असायचो. बीटेकला गेलो त्याचं थोडं श्रेय त्या चड्डीलापण आहे.

आता इतिहास. मी रिपोर्ट हातात घेऊन जे पहिलं केलं ते म्हणजे व्यायाम नाही, वाचन. (आमच्या धंद्यात बग सापडला की आधी लॉग वाचतात.) मला एकच बघायचं होतं: ज्यांनी हा पीटीचा तास आपल्या मानगुटीवर बसवला, ते लोक स्वतः लहानपणापासून तसेच होते का? की त्यांच्यातपण कुणी माझ्यासारखं उशिरा सुरू करणारं होतं?

पहिलं नाव घरचंच निघालं. समर्थ रामदास आमच्या जिल्ह्याचे. जन्म १६०८, गाव जांब, आताचा घनसावंगी तालुका. भोकरदन वर उत्तरेला, घनसावंगी खाली दक्षिणेला, म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळाले ही गोष्ट सगळ्यांना माहितीय. नाशिकजवळ टाकळीला राहून ते रोज १२०० सूर्यनमस्कार घालायचे असं परंपरा सांगते. मी लगेच हिशोब केला. एका नमस्काराला दहा सेकंद धरले तरी तीन तास वीस मिनिटं होतात, रोज, न थांबता. परंपरेतले आकडे असे मोजायचे नसतात हे मला कळतं, पण मोजल्याशिवाय राहवत नाही. काही असो, मारुतीचं देऊळ आणि शेजारी तालीम ही जोडी महाराष्ट्रात इतकी पक्की झाली त्यात समर्थांच्या मारुत्यांचा मोठा वाटा. पण मला यांचा उपयोग नव्हता. बाराव्या वर्षी घर सोडून निघालेला माणूस आणि बाराव्या वर्षी प्रयोगशाळेत लपलेला माणूस, यांच्यात जिल्हा सोडून काही कॉमन नाही.

'तालीम' या शब्दावर एक मिनिट थांबतो. अरबीतला शब्द आहे, अर्थ शिक्षण. आपल्याकडं मराठीत तालीम म्हणजे कुस्तीची जागा, लाल माती, नारळ, अगरबत्ती. पण आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. त्यामुळं आमच्या आजोबांना, आबांना, दोन्ही अर्थ माहीत होते. ते कुणाबद्दल "त्याची तालीम औरंगाबादला झाली" म्हणाले की विचारायला लागायचं, आबा, कुस्ती की शाळा? 'कवायत'चं पण तसंच. मूळ अरबी शब्द, 'कायदा'चं अनेकवचन. नियम. म्हणजे एक शब्द शिकवतो आणि दुसरा नियम लावतो. माझ्या शाळेत दुसराच आला होता.

पुढचं नाव लोकमान्य टिळक. १८७३ साली डेक्कन कॉलेजात आले तेव्हा तब्येतीनं किरकोळ. त्यांनी ठरवलं की पहिलं वर्ष शरीरासाठी द्यायचं. तालीम, जोर-बैठका, पोहणं, नाव वल्हवणं. अभ्यासाकडं दुर्लक्ष झालं आणि वर्ष गेलं, म्हणजे नापास. तरी पुढं १८७६ मध्ये बी.ए. झाले. मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ सहा वर्षं काढली, मधुमेह असताना, तेव्हा चरित्रकार हमखास त्या एका वर्षाची आठवण काढतात. ऐकायला छान आहे. पण दोन गोष्टी. एक, ते तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. दोन, मी मॅनेजरला जाऊन सांगू शकत नाही की हे वर्ष मी शरीराला देणार आहे. (सांगून बघितलं असतं तर शरीराला पुढची पण बरीच वर्षं देता आली असती.) आणि टिळकांना व्यायाम आवडत नव्हता असं कुठं दिसत नाही. शरीर कमी पडत होतं, मन नव्हे.

मग मला राजा सापडला.

सातारा, सांगली भागात औंध नावाचं छोटं संस्थान होतं. ७२ गावं, तीसुद्धा एका जागी नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली. तिथले पंतप्रतिनिधी भवानराव. जन्म १८६८. राजघराण्यातला मुलगा, पुण्यात शिकून पदवीधर, चित्रं काढणारा, कीर्तन करणारा. १८९७ मध्ये, म्हणजे वय अठ्ठावीस-एकोणतीस असताना, या माणसानं शरीर कमवायचं मनावर घेतलं. अठ्ठावीस! हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

आणि सुरुवात कशानं केली? दंडांनी नाही, मल्लखांबानं नाही. युजीन सँडोनं. सँडो म्हणजे त्या काळातला जगातला पहिला फिटनेस इन्फ्लुएन्सर म्हणा. प्रशियातला, भवानरावांपेक्षा दीड वर्षानं मोठा, लंडनमध्ये स्टेजवर शरीर दाखवायचा, पुस्तकं लिहायचा, आणि स्प्रिंगचे डंबेल, रबरी दोऱ्या असली साधनं त्याच्या नावानं पोस्टानं विकली जायची. पुढं १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावर पण आला. भवानरावांनी त्याची सगळी साधनं मागवली, पुस्तकं मागवली आणि त्यातल्या सूचनांप्रमाणे दहा वर्षं व्यायाम केला. म्हणजे १८९७ मध्ये साताऱ्याकडचा एक सुशिक्षित तरुण परदेशी ब्रँडचं सामान ऑनलाइन मागवून घरात जिम लावतो. आपल्यातल्या कितीजणांच्या घरी असा सायकलचा सांगाडा आहे ज्यावर आता टॉवेल वाळतात? फरक एवढाच की त्यांनी दहा वर्षं टॉवेल वाळत घातले नाहीत.

मग १९०८ मध्ये मिरजेचे राजे गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून भवानरावांनी सूर्यनमस्कार सुरू केले. वय चाळीस. आणि सँडोचं सामान बाजूला पडलं. कारण समजण्यासारखं आहे. नमस्काराला साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, आणि प्रवासात पण घालता येतात. इंजिनिअरच्या भाषेत, डिपेंडन्सी नाहीत.

सूर्याला नमस्कार घालणं ही पूजेचा भाग म्हणून जुनी गोष्ट आहे, मंत्र म्हणत साष्टांग घालायचे. भवानरावांनी ते शोधून काढले नाहीत. त्यांनी काय केलं, तर त्याचा व्यायाम केला. दहा अंकांत बसवलं, श्वास कुठं घ्यायचा, गुडघा कुठं टेकायचा, रोज किती घालायचे, हे सगळं लिहून काढलं, चित्रं दिली. स्वतः रोज तीनशेपर्यंत घालायचे. राणीसाहेब घालायच्या, मुलं घालायची. मराठीत पुस्तक लिहिलं, इंग्रजीत लिहिलं. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंना हे फार आवडलं, आणि त्यांनी संपादित केलेलं भवानरावांचं पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. आज न्यूयॉर्कमध्ये कुणी महागड्या मॅटवर सूर्यनमस्कार घालतं तेव्हा त्याच्या मागं थोडं औंध असतं. योगाच्या आधुनिक इतिहासावर काम करणारे अभ्यासक सांगतात की १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातसुद्धा सूर्यनमस्कारांचा वर्ग आणि योगासनांचा वर्ग वेगळे चालायचे. दोन्ही नंतर एकात मिसळले. आपण आज ज्याला पाच हजार वर्षांचं म्हणतो त्यातलं बरंच काही आपल्या पणजोबांच्या वयाचं आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट बरं वाटतं, की हे कुणीतरी बसून, विचार करून जुळवलंय.

आता माझं आणि राजाचं जिथं बिनसतं ती जागा. भवानराव १९०९ मध्ये गादीवर आले. आणि संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले.

थांबा, मी त्यांच्यावर एकदम तुटून पडत नाहीये. माणूस मोठा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा यांनी दिली, त्यातून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३९ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी, गांधीजींच्या सल्ल्यानं यांनी आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती देणारी घटना मंजूर केली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत काढली, 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा सिनेमा त्यावरूनच सुचलेला. म्हणजे बघा, कैद्यांच्या भिंती काढल्या, स्वतःची सत्ता सोडली, पण पीटीचा तास नाही सोडला.

आणि स्वतः? स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी, आपल्या मर्जीनं, आपल्या खोलीत, कुणी बघत नसताना सुरुवात केली. एक पद्धत दहा वर्षं करून बघितली, मग सोडली, दुसरी निवडली. जी गोष्ट त्यांना निवडता आली, ती मुलांना हुकमानं मिळाली. मला वाटतं इथंच कुठंतरी गडबड झाली. त्यांच्या काळात यामागं कारण होतं, ते मी नाकारत नाही. तो काळच तसा होता. आपण दुबळे म्हणून गुलाम झालो, ही बोच सगळ्यांना होती. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन कबड्डी-मल्लखांब दाखवून आलं. १९२४ मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रं लावून मोजायला सुरुवात केली. बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले, दहा! १९३७ मध्ये मुंबई सरकारनं शाळांतल्या शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, अध्यक्ष स्वामी कुवलयानंदच. सगळीकडं एकच सूर, व्यायाम देशासाठी. सुंदर आहे. पण त्यात ज्याला नुसताच नावडतो त्याला कुठं जागा नव्हती. तो देशाच्या कामातला कामचुकारच ठरणार.

आमच्या मराठवाड्यात तर गोष्ट उलटी. निजामाच्या राज्यात आखाडा काढायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची. आर्य समाजाचा १९३८-३९ चा हैदराबादचा सत्याग्रह झाला, त्यातल्या तक्रारींत आखाड्यांवरची बंधनं पण होती. म्हणजे तिकडं औंधमध्ये राजा म्हणतोय नमस्कार घातलेच पाहिजेत, आणि इकडं आमच्याकडं सरकार म्हणतंय दंड मारायचे तर आधी विचारा. कधीकधी वाटतं आमच्या शाळेत सक्तीऐवजी बंदी असती तर मी आज पैलवान असतो.

मजा म्हणून एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती कळल्यावर मला फार बरं वाटलं. पुण्याच्या जिममध्ये मी पहिल्या दिवशी ट्रेडमिलवर चढलो. सात मिनिटांत उतरलो. घरी येऊन वाचलं तर ट्रेडमिल हे मुळात तुरुंगातलं यंत्र. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८१८ मध्ये कैद्यांसाठी बनवलं. एक लांबलचक लाकडी ढोल, त्याला पायऱ्या, कैदी ओळीनं उभे राहून चढत राहायचे आणि ढोल खाली फिरत राहायचा. कधीकधी त्यावर धान्य दळायचे, कधी पाणी खेचायचे, बऱ्याचदा नुसतंच फिरायचं, काहीच न दळता. ऑस्कर वाइल्ड हा लेखक १८९५ मध्ये तुरुंगात गेला तेव्हा त्यालाही यावर चढवला होता. पुढं इंग्लंडनं हा प्रकार अमानुष म्हणून बंद केला. आज मी त्यासाठी महिन्याला दीड हजार भरत होतो. ती मेंबरशिप तीन महिन्यांची होती. मी एकूण पाच वेळा गेलो.

तर व्यायाम शिक्षा वाटते हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. अर्ध्या इतिहासात तो खरोखरच शिक्षा आहे.

आणि व्यायामानं आजार टळतो हे आकड्यांनिशी कळायला १९५३ उजाडावं लागलं, हे किती जणांना माहितीय? लंडनच्या डबलडेकर बसमध्ये एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं हजारो कामगारांची माहिती तपासली. पगार साधारण सारखा, घरं सारखी, बस तीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढ-उतार करणारा. हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना कितीतरी जास्त. तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात कुणी व्यायाम करत नव्हतं, हे लक्षात घ्या. कुणी टाइट बनियन घातलं नव्हतं, कुणी देशासाठी काही करत नव्हतं. कंडक्टर फक्त तिकिटं फाडत होता.

मला हे वाचून आमचे आबा आठवले. आबांनी जन्मात व्यायाम केला नाही. पहाटे शेतात, वखर, पाळी, कापूस वेचायला बायांच्या मागं, संध्याकाळी वैरणीचा भारा. त्यांना शुगर नव्हती. अण्णा तलाठी ऑफिसात कारकुनाचं काम करायचे, मोटारसायकल आली, शेत बटाईनं दिलं. आणि मी दिवसाला दहा तास खुर्चीत. आबा कंडक्टर, अण्णा ड्रायव्हर, आणि मी तर बसच्या सीटलाच चिकटलेला. तीन पिढ्यांत आम्ही एवढंच केलं, बसत गेलो. आणि हे आमच्याच घरात नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणं २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा वाईट. याचं कारण कुणाला शोधायचं असेल तर आमच्या गावात सकाळी पाच वाजता रस्त्यावर एकटी बाई फिरायला निघाली की काय काय बोललं जातं ते ऐकावं.

गावात फिरायला निघणं हीच एक गोष्ट आहे. शहरात कुणी विचारत नाही. इथं पहिल्या दिवशी बूट घालून निघालो तर ओट्यावरूनच आवाज आला.

"कुठं चाल्ला रे एवढ्या सकाळी?"

"फिरायला, काकू."

"गाडी बिघडली का?"

दुसऱ्या दिवशी पारावर एक काका म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं वाटतं." तिसऱ्या दिवशी तिसरा म्हणाला, "भरतीची तयारी का? वय बसतं का पण तुझं?" कारण आमच्याकडं पहाटे रस्त्यावर दोनच जातीची माणसं दिसतात. एक, पोलीस भरतीची पोरं. पोरांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, पन्नास मार्कांचं मैदान. त्यांच्यासाठी व्यायाम म्हणजे नोकरी, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर. आणि दुसरे, शुगरवाले, कानटोपी घालून, हात हलवत. पहिल्यांना मिळवायचंय, दुसऱ्यांना वाचवायचंय. यांच्या मधल्या माणसाला रस्त्यावर जागाच नाही. मी ९४ किलोचा, भरतीला म्हातारा, शुगरला लहान.

चौथ्या दिवशी मी गेलो नाही. पाचव्यालापण नाही. हे सांगतोय कारण असल्या एपिसोडमध्ये लोक हा भाग गाळतात. मी एकूण तीनदा सोडलं. एकदा रिलीज होती म्हणून, एकदा पाऊस, आणि एकदा काहीच कारण नव्हतं.

शेवटी जमलं ते राजाच्याच पद्धतीनं, पण राजाच्या तासानं नाही. म्हणजे असं. माळवदावर, अंधारात, दार लावून. कुणी बघत नाही. ट्रॅकपँट ढगळ, उसवणार नाही अशी, दोनदा शिवून घेतलेली. पहिल्या दिवशी तीन नमस्कार घातले आणि चौथ्याला छातीचा भाता झाला. तीनशे घालणारा राजा आठवला आणि हसू आलं. मग लक्षात आलं की त्यानं तीनशेपर्यंत पोचायच्या आधी दहा वर्षं सँडोच्या दोऱ्या ओढल्या होत्या. माझ्याकडं दहा वर्षांचं काय आहे? खुर्ची.

मग मी हिशोब असा लावला: आठवड्याला एक नमस्कार वाढवायचा. फक्त एक. आणि घालताना काहीतरी ऐकायचं. तुमच्यातले बरेचजण आत्ता चालताना किंवा भांडी घासताना हे ऐकत असतील, मी पण तेच करतो, दुसऱ्यांचे पॉडकास्ट ऐकतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते. मी नमस्कार आणि चालणं धरून नव्वदच्या आसपास आहे. आवडायला लागलं का? नाही. लोक म्हणतात एकवीस दिवसांत सवय लागते, महिन्याभरात मजा यायला लागते. मला आठ महिने झाले. रोज पहिल्या नमस्काराला तेवढाच वैताग येतो. दात घासताना मजा येते का? तरी घासतो. असंच काहीसं.

एक बदल झाला तो घरात. नमस्काराचा नाद अण्णांच्या कानावर गेलाच, खाली छत दणाणतं. एक दिवस ते जिना चढून वर आले, दारात उभे राहिले. मला वाटलं हसतील. सातवीतलं सगळं पोटात उसळून आलं, मी अर्ध्यात थांबलो. ते म्हणाले, "टाच टेकत नाही तुझी. आम्हाला शाळेत टेकवायला लावायचे." आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी पायात मोजे घालून परत आले, भिंतीला हात टेकून माझ्याकडं बघत उभे राहिले. आता रोज येतात. नमस्कार घालत नाहीत, पायाला भीती वाटते त्यांना. मोजतात. मी सात म्हणालो तर म्हणतात, सहाच झाले.

परवा परत तपासणी केली. वजन ८९. एचबीएवनसी ५.९. अजून मधल्याच पट्ट्यात आहे, पण खालच्या बाजूला सरकलोय. अण्णांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

आणि रस्त्यावरचं पोरगं, भरतीचं, रोज धापा टाकत माझ्या बाजूनं जातं. आधी "काका" म्हणायचं. मी एकदा म्हणालो, अरे अठ्ठावीस आहे मी. आता "सर" म्हणतं, जे जास्तच वाईट आहे. जाता जाता ओरडतं, "सर, आज कितवा दगड?" किलोमीटरचा. मी दुसऱ्यापर्यंत जातो. त्याचं मैदान पुढच्या महिन्यात आहे, सोळाशे मीटरला त्याला अजून वीस सेकंद कमी करायचेत. स्टॉपवॉच धरायला कुणी नसतं म्हणून उद्यापासून ते माझ्याकडं आहे. पावणेपाचला ये म्हणालाय.

तर एपिसोड इथं थांबवतो, लवकर झोपायचंय. औंधला जाऊन आलेलं कुणी असेल, भवानरावांनी उभं केलेलं ते टेकडीवरचं म्युझियम बघितलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात घेतो.